लकवा साडेअकराला आला होता

माझ्या आजारपणाच्या फायलीत पहिल्या पानावर एक ओळ होती: त्रास सकाळी झोपेतून उठल्यापासून. लिहिली डॉक्टरांनी, पण सांगितली मी. ती खोटी होती. लकवा मला झोपेत आला नाही. दिवसाढवळ्या, साडेअकराला आला. तेव्हा मी अंगात खाकी घालून, स्वतःच्या घरात, पंख्याखाली ट्रक चालवत बसलो होतो.

ट्रक म्हणजे कॉम्प्युटरवरचा. गेम.

मी एसटीत वाहक. पंचवीस वर्षं झाली. ‘पुढे सरका’ आणि ‘कुठं उतरायचं’ या दोन वाक्यांवर माझं बोलणं भागत आलं. लिहिणं तर त्याहून कमी. पण लकव्यातून उठलेल्या माणसाला लोक विचारतात, कसं झालं, काय केलं, हात कसा परत आला. त्यांना अर्धंच सांगायचं पाप मी एक वर्ष केलं. आता पूर्ण सांगतो.

आधी खेळाबद्दल

गेम म्हटलं की लोकांना बंदुका आठवतात. माझा गेम फार शांत आहे. माल भरायचा, लांबच्या गावी न्यायचा, सिग्नल पाळायचे, डिझेल संपायच्या आत पंप शोधायचा, आणि शेवटी भलामोठा ट्रेलर उलटा घेत घेत गोदामाच्या दाराला लावायचा. कधी समुद्राकाठचा रस्ता, कधी दोन्हीकडे बर्फ. आमच्या सावलीसारख्या तापत्या गावात राहणाऱ्या माणसाला बर्फात गाडी घसरण्याची भीती वाटावी, यातच मला गंमत वाटते.

गडचिरोलीहून धानोरा, चामोर्शी, मूल, चंद्रपूर हे रस्ते मला तोंडपाठ आहेत. कुठल्या वळणावर साग संपून बांबू लागतो, तेही सांगेन. पण हे सगळं मी ड्रायव्हरच्या पाठीमागून पाहिलेलं. एक घंटी दिली की गाडी थांबते, दोन दिल्या की निघते, एवढीच माझी सत्ता. गेममध्ये पुढची काच माझी. पाऊस लागला की वायपर मी सुरू करतो. मागे कोणी उभं नाही, कोणाचं पोट्टं ओकत नाही, तासभर कोणी काही विचारत नाही. ट्रेलर पहिल्या फटक्यात सरळ लागला की मी खुर्चीत एकटाच मान डोलावतो.

हे कोणाला सांगायची हिंमत मात्र नव्हती. दहावीत असताना मूलच्या बाजारात एक व्हिडिओवाला टीव्हीला जोडून मोटारसायकलच्या शर्यतीचा खेळ खेळू द्यायचा. वडिलांनी मला तिथून कानाला धरून उठवलं आणि घरापर्यंत भेटेल त्याला सांगत नेलं, ‘पाहा आमचे साहेब, हवेत गाडी चालवते.’ लोक हसले. ते हसणं माझ्या अंगात बसलं ते बसलंच.

पुढे मुलीच्या, प्राजूच्या अभ्यासासाठी कॉम्प्युटर घेतला. ती चंद्रपूरला पॉलिटेक्निकला गेली आणि कॉम्प्युटर घरी राहिला. सोबत तिचा गेमचा रिमोटही राहिला, दोन्ही अंगठ्यांनी फिरवायच्या दोन छोट्या दांड्यांचा. ‘डोळे फुटतील’ म्हणून मी तिच्या हातून तो कितीदा हिसकला होता. ती गेल्यावर मीच तो उचलला. बायको बाहेर असेल तेव्हाच खेळायचो. तिची चाहूल लागली की पडद्यावर बातम्या लावायचो.

तो दिवस

रोवण्याचे, म्हणजे धान लावायचे, दिवस होते. सुनंदा, म्हणजे माझी बायको, तिच्या धाकट्या भावाकडे, नरेशकडे निघाली होती. त्याचं गाव आमच्यापासून आठ किलोमीटर. धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, उपटून ठेवले होते, आणि ते बांधीतल्या चिखलात लावायला बायका, पेंढ्या वाहायला माणसं, दोन्ही कमी पडत होते.

‘तुमी येता का?’ तिनं विचारलं. ‘तुमची तं सुट्टी हाय ना आज?’

‘ड्युटी लागली. दुसरा रजेवर गेला.’

‘सुट्टीच्या दिवशीबी?’

‘लागली ना बापा. मी काय करू?’

तिनं लगबगीनं डबा भरून माझ्या हातात दिला. मी खाकी घालून बाहेर पडलो, स्टँडवर दोन चहा घेतले, नरेशच्या मोटारसायकलवर ती जाताना दिसली, आणि मागच्या गल्लीनं घरी आलो. कपडे बदलायचाही धीर नव्हता.

दोन तास मस्त गेले. मग एका वळणावर ट्रक वळेना. मी डावी दांडी फिरवतोय आणि ट्रक सरळच चालला आहे. झाडावर आदळला. पुन्हा सुरू केला, पुन्हा आदळला. मला वाटलं, रिमोट बिघडला. मी उजव्या हातानं त्याचे सेल काढले, कपाटातून नवे शोधून घातले, टेबलावर दोनदा आपटला. वीस मिनिटं मी त्या रिमोटची दुरुस्ती करत होतो. मग लक्षात आलं की दांडी ठीक आहे, तिच्यावरचा अंगठा हलत नाही.

स्वतःशी ‘असं कसं’ म्हणायला गेलो तर शब्द तोंडात लोळले.

पहिलं काम काय केलं सांगू? कॉम्प्युटर बंद केला. रिमोट ड्रॉवरमध्ये ठेवला. मग सुनंदाला फोन केला की तब्येत बिघडली म्हणून ड्युटीवरून परत आलो.

ती अर्ध्या तासात आली. गुडघ्यापर्यंत चिखल, लुगड्याचा काचा तसाच खोचलेला. माझं तोंड पाहिलं आणि दारातूनच नरेशला ओरडली, ‘गाडी पाह्य! चारचाकी!’ शेजारच्या एकानं कबुतराच्या रक्ताची मालिश करणाऱ्या माणसाचा पत्ता सांगायला सुरुवात केली. ती म्हणाली, ‘भाऊ, कबुतराले राहू द्या जित्तं. पहिले दवाखाना.’ दोनच्या आत मी गडचिरोलीच्या दवाखान्यात होतो. तिनं तिच्या बाजूनं एक मिनिट वाया घालवलं नाही.

‘शेवटचे बरे कधी होते?’

हा प्रश्न मला त्या तरुण डॉक्टरांनी तीनदा विचारला. तिसऱ्यांदा म्हणाले, ‘काका, नीट आठवून सांगा. कोणतं औषध द्यायचं ते यावर ठरतं.’

सुनंदा उशाशी उभी होती. साडेअकरा म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न, तेव्हा कुठं होता? बसमध्ये म्हणालो असतो तर नरेश आगारात फोन करणार. घरी म्हणालो असतो तर, काऊन? आणि त्यामागे मूलचा सगळा बाजार हसायला उभा. लोळत्या जिभेनं मी म्हणालो, ‘सकाळी उठलो तवाच हात जड होता.’

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. मग सुनंदाला समजावून सांगितलं की रक्ताची गुठळी विरघळवायचं एक इंजेक्शन असतं, ते सुरुवातीच्या काही तासांतच देता येतं. झोपेत कधी सुरू झालं ते कळत नसेल तर देण्यात धोका आहे. बाकीचे उपचार करू.

मी हे ऐकलं. शुद्धीत होतो. अजून तोंड उघडता आलं असतं.

सुनंदा म्हणाली, ‘मी डबा देला यायच्या हातात. डाव्या हातात. अन् हाताकडं पाह्यलंच नाई, डॉक्टरसाहेब. मले जायची घाई होती.’

तेवढ्यात मी डोळे मिटून घेतले.

वॉर्ड

वॉर्डात अकरा दिवस होतो. पहाटे सिस्टर यायची, ‘हात वर करा’, ‘दात दाखवा’, ‘जीभ काढा’. मग गोळ्या, मग अंग पुसणं. दुपारी फिजिओथेरपीवाली मुलगी यायची, चिमूरची, आवाज ठणठणीत. पहिले काही दिवस भीती एवढी होती की मी पायाच्या बोटांकडे बघत पडून राहायचो, ती हलतात का म्हणून. पाय वाचला होता. हात कोपरापासून पुढं लाकूड.

सुखाचे दिवस नव्हते, पण सुखाचे तुकडे होते. शेजारच्या खाटेवर धानोऱ्याकडचा एक म्हातारा होता. त्याची बायको वास्त्याची भाजी, म्हणजे कोवळ्या बांबूची, करून आणायची. गोंडीत काहीतरी बोलत ती माझ्या ताटातही वाढायची. मला शब्द कळायचे नाहीत, पण नको म्हणायची सोय नव्हती. सहाव्या दिवशी मी ‘सुनंदा’ हे नाव न अडखळता घेतलं, तर तिनं खाली मान घालून पदर नीट केला.

प्राजू चंद्रपूरहून आली होती. चिमूरच्या मुलीनं विचारलं, ‘काका, हातानं करायला तुम्हाला काय आवडतं? त्यातूनच व्यायाम काढू. शेती? हार्मोनियम?’

मी पायाच्या बोटांकडे बघितलं.

‘बाबा गेम खेळतात,’ प्राजू म्हणाली.

वॉर्डाचं छत माझ्यावर पडलं असं वाटलं. सुट्टीत घरी आली की पोरीला कॉम्प्युटरवर माझे खेळण्याचे सगळे तास दिसत होते, तिनं कधीच ओळखलं होतं आणि मला लाजवायचं नाही म्हणून गप्प राहिली होती.

सुनंदा म्हणाली, ‘गेम? हे? हे माझे?’ आणि ती हसली. चेष्टेचं नाही, नवल वाटून. ‘अवो, मंग लपवत कायले होते? मले वाटे दिवसभर बातम्याच पाह्यते हा माणूस, डोकं फिरन याचं.’

संपलं. दोन मिनिटांत विषय संपला. जे लपवायला मी तो हात दवाखान्याच्या टेबलावर सोडून दिला, त्याची तिच्या लेखी एवढीच किंमत होती. त्या दुपारी मी भिंतीकडे तोंड करून पडलो. सगळ्यांना वाटलं, थकले.

अंगठा

घरी आल्यावर प्राजूनं गेममध्ये काहीतरी बदल केले. ट्रक आता अगदी हळू चालायचा आणि वळवायला डाव्या अंगठ्याचा नुसता भार पुरायचा. पहिल्या आठवड्यात मी दांडीवर अंगठा उजव्या हातानं उचलून ठेवायचो आणि रबरबँडनं बांधायचो. ट्रक रस्त्यावर कमी, शेतात जास्त.

सुनंदा शेजारी तांदूळ निवडत बसायची. तिला हे फारच आवडलं. मी ट्रक झाडात घातला की ती ताटलीवर चमच्यानं एक टोला द्यायची, ‘थांबा, कंडक्टरनं घंटी देली.’ पुन्हा रस्त्यावर आलो की दोन टोले. मी चिडायचो, मग हसायचो, आणि हसताना एकदा अंगठा आपोआप आत वळला. दोघांनीही पाहिलं. तिनं ताटली खाली ठेवली आणि तांदूळ सांडले.

हे मला खेळणाऱ्या आणि न खेळणाऱ्या, दोघांनाही सांगायचं आहे. चेंडू दाबा, मणी उचला, हे व्यायाम करताना मला माझा मेलेला हातच दिसायचा. गेममध्ये हात दिसत नाही, रस्ता दिसतो. वळण घ्यायचं असतं म्हणून अंगठा वळतो. दिवसातून दोनदा, चाळीस मिनिटं, घड्याळ लावून. तीन महिन्यांत मी डाव्या हातानं पाण्याचा पेला धरला. पाच महिन्यांनी कामावर गेलो. मला चौकशीच्या खिडकीवर बसवलं. कोणती गाडी कुठं लागली ते माइकवर सांगायचं. जीभ थोडी जड आहे, लोक दोनदा विचारतात. मी दोनदा सांगतो. जास्त बोलायची सवय लागली तीही अशी.

खरं सांगायचं तर मी सुखी होतो. एक गोष्ट सोडून.

रोज सकाळी डोळे उघडायच्या आत सुनंदा माझे दोन्ही हात धरून वर करायला लावायची. आधी मला वाटलं, व्यायाम आहे. नाही. ती तपासत होती. तिची झोप गेली होती. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला ती सांगायची, ‘बाई, सकाळी नवऱ्याच्या हाताकडं पाहत जा. मी नाई पाह्यलं. माझ्यामुळं इंजेक्शन हुकलं यायचं.’ मी आतल्या खोलीत असायचो. ऐकायचो. ट्रक बाजूला उभा करायचो.

डबा

वर्ष झालं. पुन्हा रोवणा आला. नरेश बोलवायला आला.

‘बाई, परवापासून हाय. येतेस ना?’

‘नाई बापा. मी यायले टाकून कुठी जात नाई. गेल्या साली गेली, काय झालं माह्यत हाय ना?’

‘अवो पन भाऊजी तं आता ठणठणीत हाय.’

‘तवाबी ठणठणीतच दिसत होते मले.’

नरेश चहा पिऊन गेला. ती कणीक मळायला बसली. तिला रोवणा किती आवडतो ते मला माहीत होतं. ओळीत वाकलेल्या बायकांची चेष्टामस्करी, भावाच्या घरचं जेवण, वर्षातले तेच सहा दिवस तिचे स्वतःचे. तेही मी खाणार होतो.

मी पाटावर बसलो आणि सांगितलं. पाच-सहा वाक्यं झाली. ड्युटी नव्हती. मागच्या गल्लीनं आलो. ट्रक वळेना. डॉक्टरांना खोटं बोललो.

तिचे हात कणकेत थांबले. ‘किती वाजले होते?’

‘साडेअकरा.’

‘अन् मी डबा देला तवा?’

‘हात चांगला होता. त्याच हातानं घेतला.’

‘गेम खेळाचा होता म्हणून?’

‘हाव.’

‘मले सांगतलं असतं तं मी काय खाल्लं असतं तुमाले?’

तिनं पोळ्या केल्या, मला वाढलं, मी उठल्यावर एकटी जेवली.

दुसऱ्या सकाळी तिनं माझे हात वर केले नाहीत. मी जागा होतो. हात अंथरुणावर तसेच ठेवून तिच्या उठण्याचा आवाज ऐकत पडलो. दोन दिवस कामापुरतं बोलणं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, ‘मी ज्याले ज्याले सांगतलं का माझी चूक होती, त्या सगळ्यायच्या घरी तुमी जाचं. तुमच्या तोंडानं सांगाचं. मी संगं राहीन, पन एक शब्द बोलणार नाई.’

सांगणं

पहिला नरेश. तो बांधीत होता, रोवणाऱ्या बायकांची ओळ त्याच्यामागे. मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभा राहून सांगितलं. त्यानं हातातली पेंढी खाली टाकली. ‘भाऊजी,’ तो म्हणाला, ‘त्या दिवशी मी पेंढ्या वाहू वाहू मेलो. अन् तुमी खाकी घालून घरी?’ चार बोल त्यानं खरे रागाचे दिले. मी ऐकले. मग ओळीतली एक बाई मान वर न करता म्हणाली, ‘उतरवा ना यायले चिखलात, ट्रक फसते का पाहू.’ ओळभर हसू पसरलं. मूलच्या बाजारात हसले होते तसंच, पण मी उभा होतो आणि काही झालं नाही. सुनंदा हसली नाही. तिनं चप्पल काढली, काचा खोचला आणि ओळीत जाऊन वाकली. त्या वर्षीचा रोवणा तिनं पूर्ण केला. सहा दिवस मी ड्युटीवरून येऊन दार उघडं टाकून खेळलो.

मग शेजारणी. मग डॉक्टर. त्यांनी ऐकून घेतलं, फायलीतली ओळ खोडून खाली ‘साडेअकरा’ लिहिलं. मी विचारलं, ते इंजेक्शन मिळालं असतं तर हात लवकर सुधारला असता का? ते म्हणाले, ‘कदाचित. नक्की कोणीच सांगू शकणार नाही. पण ती संधी होती.’ मला खोटा दिलासा दिला नाही, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. तुमच्या घरी अशी वेळ आली तर डॉक्टर हाच प्रश्न विचारतील. तेव्हा तुम्ही कुठं होता, कोणासोबत होता, काय करत होता, ते सगळं नंतर निस्तरता येतं. वेळ खरी सांगा.

शेवटी राहिली भागरताकाकी. सुनंदाची चुलती, ऐंशीच्या पुढची, कानानं जवळजवळ गेलेली. ती कोणाला काही सांगत नाही, म्हणून सुनंदानं तिच्यापाशीच सगळ्यात जास्त रडून घेतलं होतं. काकी अंगणात मोहाच्या टोऱ्या, म्हणजे बिया, दगडानं फोडत बसली होती.

‘काकी, त्या दिवशी माझा हात सकाळी चांगला होता,’ मी म्हणालो.

‘जोरानं बोल ना बापा.’

‘हात चांगला होता! सुनंदाची चूक नाई!’

‘आं? तुही घंटी बंद पडली का रे? जोरानं!’

मी आयुष्यात एवढ्या मोठ्यानं कधी बोललो नव्हतो. ‘मी गेम खेळत होतो, काकी! घरी! लपून! अन् डॉक्टरले खोटं सांगतलं!’

कुंपणाच्या पलीकडे दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. समोरचा सायकलवाला थांबला. काकीनं हातातला दगड खाली ठेवला. सुनंदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

‘मंग?’ ती म्हणाली. ‘जितला का हारला?’

सुनंदानं झटकन भिंतीकडे तोंड केलं. तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडते आहे. मग आवाज फुटला. ती हसत होती. पदर तोंडात कोंबून, भिंतीला धरून, वर्षभराचं हसत होती.

काकी मात्र उत्तराची वाट बघत होती.

‘हारलो, काकी!’ मी ओरडलो.

‘मंग ठीक हाय,’ काकी म्हणाली आणि पुढची टोरी उचलली. ‘सुनंदे, चाय मांड. उभा काऊन ठेवला याले?’